बदामाचं बाजारपत्र

माझ्या मामाला बाजार कळत नव्हता. एवढं साधं वाक्य लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली, कारण आमच्या घरात, चिंचवडच्या आमच्या गल्लीत आणि पिंपरीपासून पार खेडपर्यंतच्या किराणा दुकानांत त्याची ओळखच 'बाजार कळणारा माणूस' अशी होती. सुकामेव्याचा घाऊक व्यापार होता त्याचा. काजू, मनुका, अक्रोड तो नाइलाजाने ठेवायचा, जीव बदामात. सकाळी दात घासताना तो बदामावर बोलायचा, जेवताना बोलायचा, पाहुण्यांच्या सांत्वनाला गेला तरी दहा मिनिटांनी गाडी बदामावर यायची. कॅलिफोर्नियात फुलोरा कसा आला, तिथल्या बागांना पाणी किती मिळालं, न्हावाशेवाला बोट कधी लागणार, वाशीचा भाव दिवाळीपर्यंत चढणार का उतरणार. कॅलिफोर्निया नकाशात कुठे आहे ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं. मी एकदा माझ्या शाळेच्या नकाशात बोट ठेवून दाखवलं, तर "एवढं लांब?" म्हणाला आणि नकाशाने फसवल्यासारखं तोंड करून उठून गेला.

वडील पिंपरीच्या एका कंपनीत होते. ते गेले तेव्हा मी बारावीत होते, आणि कंपनीची खोली सोडून आई मला घेऊन तिच्या भावाकडे आली. मामाचं घर दुमजली. खाली पेढी आणि गोदाम, वर राहणं, मागे फरशीचं अंगण. त्या अंगणात सकाळी आठ वाजल्यापासून बायका बसायच्या आणि टरफलासकट आलेला बदाम फोडायच्या. दगडावर बदाम, हातात लाकडाची छोटी मोगरी, आणि ठक्‌, ठक्‌, ठक्‌. पंधरा-वीस बायकांची ती ठकठक संध्याकाळपर्यंत थांबायची नाही. वर स्वयंपाकघरात दोन माणसं शेजारी उभी असली तरी जरा मोठ्यानेच बोलायची. आईला ती सवय इतकी लागली की पुढे आयुष्यभर ती भांडल्यासारखीच बोलली. टरफलांचा तांबूस भुसा सगळ्या घरावर बसायचा. वाळत घातलेल्या साड्यांवर, पापडांवर, देवघरातल्या समईवर. टरफलं पोत्यांनी निघायची आणि आंघोळीच्या बंबात जायची. बदामाच्या टरफलांवर तापलेल्या पाण्याने आंघोळ करणारं आमचं घर, पण बदाम खाणारं म्हणाल तर फक्त अर्धं. मामी रोज संध्याकाळी तिच्या नितीनसाठी बदाम भिजत घालायची. सकाळी ते सोलून त्याच्यापुढे ठेवायचं काम आईचं. बुद्धी वाढावी म्हणून. नितीन गणितात दोनदा नापास झाला, तेव्हा मामीने बदाम वाढवले.

आईने त्या घरात काय केलं, असं मला कोणी विचारलं तर एकच उत्तर आहे: तिने पोळ्या लाटल्या. घरच्यांच्या लाटल्या आणि दर रविवारी मामाच्या बैठकीला येणाऱ्या चार रिकामटेकड्यांच्याही लाटल्या. ही चार माणसं गादीवर लोळून बदामाच्या शिऱ्याची वाट बघत आणि तोवर जगाच्या बाजाराचं भविष्य सांगत. एकाचा मेहुणा वाशीला दलालाकडे कामाला होता. एक निवृत्त पोस्टमास्तर होता आणि पत्रं हाताळल्यामुळे आपल्याला जगाची खबर असते अशी त्याची समजूत. "तेजी येणार, राव," हा म्हणायचा. "येणारच," तो म्हणायचा. तेजी आली तर पुढच्या रविवारी सगळे आपापली पाठ थोपटायचे, आणि नाही आली तर त्या रविवारी बदामाऐवजी राजकारणावर बोलायचे. मी शिरा वाढायला जायचे आणि ते ऐकायचे. तेव्हा मला वाटायचं, ही केवढी जाणती माणसं! मी त्यांना आता नावं ठेवते आहे. तेव्हा मी ताटल्या धरून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी असायचे, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

माझं अक्षर चांगलं होतं आणि मला इंग्रजी यायचं. या दोन गोष्टींमुळे मी पोळपाटावरून पेढीवर गेले. वाशीच्या एका आयातदाराकडून मामाला फॅक्स यायचे, इंग्रजीत. तिकडच्या पिकाची खबर, बोटींच्या तारखा, भावाचा रोख. आधी हे फॅक्स पोस्टमास्तर वाचायचे, म्हणजे वाचल्यासारखं करायचे. मी वाचायला लागले तेव्हा मामाला पहिल्यांदा कळलं की त्यात नुसती हवा नसते, माहिती असते. मग त्यातून त्याने बाजारपत्राची कल्पना काढली. दर सोमवारी एक पान. वर 'पीक', मध्ये 'आवक', खाली 'अंदाज'. मजकूर मी लिहायचा, कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढायच्या आणि टेम्पोवाल्याबरोबर पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगाव अशा साठेक दुकानांना पाठवायच्या. फुकट. दुकानदार पत्र वाचायचे, आणि पत्र पाठवणाऱ्याकडूनच माल घ्यायचे. मामाच्या सगळ्या आयुष्यातली ही एकच खरी हुशारी, आणि तिलाही अक्षर माझं लागलं.

पहिलं वर्षभर मी खरं लिहिलं. जे फॅक्समध्ये असेल ते, सोप्या मराठीत. पण नुसतं 'पीक मध्यम' असं लिहिणं मला कोरडं वाटायचं, म्हणून मी त्यात रंग भरायचे. बागेत यंत्र झाड कसं गदागदा हलवतं, खाली बदामाचा सडा कसा पडतो, बोट किती दिवस पाण्यावर असते. हे मी कुठल्याशा मासिकात वाचलेलं. लोकांना आवडायचं. तळेगाव दाभाड्याचे रशीदचाचा तर माल घ्यायला आले की आधी माझ्या टेबलापाशी यायचे. स्टेशनजवळ त्यांचं दुकान होतं, आजोबांपासूनचं. माणूस हळू बोलणारा, मालाच्या बाबतीत चिकट. पोत्यात हात घालून एक बदाम काढायचे, अर्धा चावायचे, उरलेला अर्धा उजेडात धरून बघायचे आणि मगच 'हं' म्हणायचे. मला म्हणायचे, "बेटी, सोमवारी तुझं पत्र आलं की मी आधी ते वाचतो. पेपर नंतर." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर तरंगायचे. वीस वर्षांच्या मुलीला मान मिळाला की ती किती मूर्ख होते, याचं मोजमाप नाही.

त्या वर्षी मामाने उन्हाळ्यात बदाम भरून ठेवला. का, तर बैठकीतल्या मेहुणेवाल्याने खबर आणली की तिकडे फुलोऱ्यात पाऊस लागलाय, पीक जाणार. मामाने ना फॅक्सची वाट पाहिली, ना कोणाला विचारलं. गोदाम भरलं, मग भोसरीच्या शीतगृहात जागा घेऊन तिथेही माल रचला. महिनाभर तो गल्लीतून असा चालायचा की जणू पाऊस यानेच पाडलाय. मग आषाढात फॅक्स आला. तिकडे दरवर्षी माणसं बागांतून फिरून फांद्यांवरचे बदाम मोजतात आणि त्यावरून पिकाचा अंदाज बांधतात. तो अंदाज होता. मी तो वाचला आणि मामाला सांगितलं. पीक गेल्या वर्षीपेक्षा बरंच मोठं आहे. तोडणी लवकर सुरू होईल. बोटी दिवाळीआधीच भरपूर लागतील. भाव उतरतील.

मामा सुपारी कातरत होता. कातरता कातरता थांबला.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"बरं," तो म्हणाला. "आता लिही. पीक कमी."

मला वाटलं त्याला कळलं नाही. "मामा, यात उलट आहे. पीक जास्त आहे म्हणतायत."

"यात काय आहे ते मला कळलं. मी काय बहिरा आहे? पत्रात काय जाणार ते मी सांगतोय. पीक कमी, बोटी उशिरा, भाव चढणार. लिही."

मी आईकडे गेले नाही, जेवण टाकलं नाही, रडलेही नाही. मी कागद घेतला आणि लिहिलं. आणि इथेच मला स्वतःची सगळ्यात जास्त किळस येते. मामाने तीन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या तीन ओळींत मावल्या असत्या. मी पानभर लिहिलं. मी लिहिलं की फुलोऱ्याच्या दिवसांत तिकडे सारखा पाऊस होता, आणि मधमाश्या ओल्या पंखांनी पेट्यांच्या तोंडाशी दाटीवाटीने बसून राहिल्या, बाहेर फुलं त्यांची वाट बघत गळून गेली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हे मला सुचलं. सुचल्यावर मी ते दोनदा वाचलं, 'दाटीवाटीने' हा शब्द मला फार आवडला, आणि मी खूश होऊन झेरॉक्सला गेले. खोटं लिहिण्याची लाज वाटण्याआधी ते छान जमल्याचा आनंद झाला, असा तो प्रकार.

थोडं आजचं सांगते. मामाचा तो गणितात नापास होणारा नितीन आता वाकडला अठराव्या मजल्यावर राहतो आणि शेतमालाच्या बाजाराचा विश्लेषक म्हणवतो. दर महिन्याला घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची पीडीएफ येते. आलेख, बाण, निळे-हिरवे खांब, आणि शेवटी निष्कर्ष: 'बाजारात मध्यम मुदतीत सावध आशावाद.' बदामाचंही एक पान असतं. त्याचे अंदाज मामाच्या अंदाजांइतकेच बरोबर येतात. चुकला की मामा 'नशीब' म्हणायचा, नितीन 'व्हेरिएबल्स' म्हणतो. मी त्याला एकदा फोनवर विचारलं, "अरे, तू कधी बदामाचं झाड पाहिलंयस का?" तर म्हणाला, "वंदूताई, त्याची गरज नसते." मामा निदान बदाम हातात तरी धरायचा.

तर, पत्र गेलं. पुढच्या सोमवारी दुसरं गेलं, त्याच्या पुढच्या सोमवारी तिसरं. दुकानदार यायला लागले. भर श्रावणात गोदामासमोर टेम्पो उभे. मामा प्रत्येकाला म्हणायचा, "मला देता येत नाही हो एवढा, पण तुम्ही आपले, म्हणून," आणि आत गोदामात पोती छताला लागलेली. रशीदचाचा शेवटी आले. त्यांना चाकणच्या एका नव्या कंपनीची ऑर्डर मिळत होती. दिवाळीला प्रत्येक कामगाराला बदामाचा डबा. आयुष्यातली सर्वांत मोठी ऑर्डर. भाव त्यांनी आधीच कबूल केला होता, आणि नवा माल आला की दसऱ्याच्या सुमाराला खरेदी करायची असं त्यांच्या मनात होतं. पण माझी पत्रं वाचून त्यांची झोप उडाली होती.

ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले. मामा पलीकडे गादीवर, कान इकडे.

"बेटी, मी दुकानामागची खोली विकायला काढलीय," ते म्हणाले. "आत्ता सगळा माल उचलायचा तर तेवढं करावंच लागेल. पण दसऱ्याला स्वस्त मिळणार असेल तर कशाला विकू? तू सांग. थांबू, का घेऊ?"

मला कोणीही, कधीही, एवढं महत्त्वाचं काही विचारलं नव्हतं. मामा सुपारी चघळायचा थांबला होता. बाहेर मोगऱ्या चालू होत्या.

"घ्या, चाचा," मी म्हणाले.

त्यांनी पोत्यात हात घातला, एक बदाम काढला, अर्धा चावला, अर्धा बघितला. माल तेव्हा चांगलाच होता. "हं," ते म्हणाले.

गणपती झाले, नवरात्र बसलं, आणि बोटी लागल्या. एक नाही, एकामागून एक. वाशीत नवा बदाम असा ओतला गेला की भाव रोज सकाळी कालच्यापेक्षा खाली. मामाचा माल तोवर जवळपास सगळा गेला होता. तो आता नवा, स्वस्त माल घेत होता आणि बैठकीत आपल्या दूरदृष्टीच्या गोष्टी सांगत होता. रविवारचा शिरा त्या महिन्यात आठवड्यातून दोनदा झाला.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी, सकाळी अकराच्या सुमाराला चाचा आले. हातात कागदाची पुडी आणि माझी तीन पत्रं. पुडी त्यांनी मामापुढे गादीवर उघडली. बदामांवर पांढुरकी जाळी धरली होती. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने कोंदट दुकानात, दमट हवेत एवढा माल पडून राहिल्यावर दुसरं काय होणार? कंपनीच्या खरेदीच्या साहेबाने नमुना बघूनच ऑर्डर काढून घेतली होती आणि नव्या मालवाल्याला दिली होती. वर हसून म्हणाला होता, "चाचा, यंदा पीक दाबून आहे हे आषाढातच सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

चाचांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, "शेठ, माल परत घ्या म्हणत नाही. मी बघून घेतला होता. मला फक्त एवढंच सांगा. तुमच्या फॅक्समध्ये काय होतं?"

मामा पुडीतले बदाम बोटाने चाळत राहिला. मग म्हणाला, "चाचा, बाजार आहे हा. तो कोणाला कळलाय? आता राहिला फॅक्स. तो इंग्रजीत येतो. मी अडाणी माणूस. ही पोरगी जे वाचून सांगते ते मी धरतो. आता हिचं इंग्रजी म्युनिसिपालिटीच्या शाळेतलं, वाचलं असेल उलटसुलट. पोरीच्या भरवशावर राहिलो, माझीच चूक."

आई कणकेच्या हातांनी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी होती. अंगणातल्या बायका फोडायच्या थांबल्या होत्या. त्या घरातली ती पहिली शांतता मला आठवते.

माझी गोष्ट सांगताना लोक इथे मला धीट ठरवतात, म्हणून स्वच्छ लिहिते. चाचांची खोली गेली, ऑर्डर गेली, माल सडला, यातल्या कशानेही माझं तोंड उघडलं नव्हतं. मी मान खाली घालून बसले होते आणि तशीच बसून राहिले असते. मामाने माझ्या इंग्रजीला नावं ठेवली, तेव्हा मी उठले. कपाटातली फाइल काढली, आषाढातला फॅक्स काढला आणि तिथेच उभी राहून आधी इंग्रजीत मोठ्याने वाचला, मग एकेक वाक्य मराठीत सांगितलं. पीक मोठं. बोटी लवकर. भाव उतरणार. माझा उच्चार चांगला झाला, हेही तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. अशी मी.

चाचा ऐकत होते. शेवटी त्यांनी माझं पत्र उघडून एका ओळीवर बोट ठेवलं.

"आणि ह्या मधमाश्या?" त्यांनी विचारलं. "ह्या कुठे आहेत त्यात?"

त्यांनी पत्र माझ्यापुढे धरलं.

"पीक कमी, पीक कमी, असं तर दरवर्षी सगळे म्हणतात, बेटी. त्यावर मी खोली विकली नसती. पण मधमाश्या ओल्या पंखांनी बसून राहिल्या, हे वाचलं आणि मला वाटलं, एवढं बारीक कोण खोटं लिहील? कोणी डोळ्यांनी पाहिलं असेल, तेच हिने लिहिलं."

"मधमाश्या मी मनाने लिहिल्या, चाचा," मी म्हणाले.

मामा मोठ्याने हसला. खरोखर खूश होऊन हसला. "बघा! बघा! मी फक्त पीक कमी एवढंच सांगितलं होतं. मधमाश्या हिच्या!" त्याच्या डोक्यात तेवढ्यात हिशोब पुरा झाला होता: खोटं दोघांत वाटलं गेलं, म्हणजे त्याच्या वाट्याला जवळजवळ काही उरलंच नाही. चाचांनी पत्रांच्या घड्या घातल्या, खिशात ठेवल्या आणि पुडी तिथेच टाकून निघून गेले.

मामाने मला घराबाहेर काढलं नाही. तेवढाही मोठेपणा त्याच्यात नव्हता. तो आईला म्हणाला, "सुमे, ही आता पेढीवर नको. वर बसू दे. खाऊ दे, पिऊ दे. तोंड तेवढं बंद ठेवायला शिकव." आई हात धुवायला आत गेली. मी मागे गेले तर नळाखाली हात धरून माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "खरं बोलायचं होतं तर आषाढात बोलायचंस. आता बोलून कोणाचं भलं झालं?"

मी म्हणाले, "तुला कुठे माहीत होतं आषाढात काय झालं ते."

"तो माणूस तुला विचारत होता ना, थांबू का घेऊ, तेव्हा मी जिन्यात उभी होते. मला तुझा आवाजच सांगत होता. मीही गप्प बसले. दोन पोळ्यांसाठी." तिने नळ बंद केला. "कपडे भर. तू एकटीने जायचं नाहीस आणि मला इथे आणखी लाटायचं नाही."

आम्ही कुरुळीला गेलो. अंगणात बदाम फोडणाऱ्या बायकांतली हिराबाई तिथली. तिच्या घराला जोडून पत्र्याची एक खोली होती. आई तिला विचारायला गेली तेव्हा हिराबाई म्हणाली, "या की. आमी ऐकलं समदं. पर एक सांगते पोरी, तुज्या मामाचं काय बी व्हनार न्हाई. त्यो हाय तसाच ऱ्हानार." मला राग आला होता. मला वाटत होतं, सत्य बाहेर आलं की माणसं काहीतरी करतात. आईला चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये काम मिळालं, पुन्हा पोळ्यांचंच, पण महिन्याला पगार आणि वर कोणाचा उपकार नाही. मी पहिल्या आठवड्यात एक शेवटचं बाजारपत्र लिहिलं. यंदा पीक भरपूर आहे. आषाढापासूनची पत्रं खोटी होती. ती मी लिहिली, मला माहीत असून लिहिली. खाली नाव. झेरॉक्स काढल्या आणि सहा आसनी रिक्षा, एसटी, पायी, असं करत दुकानादुकानांत स्वतः नेऊन दिल्या.

मला वाटलं होतं शिव्या मिळतील. भोसरीच्या एका दुकानदाराने पत्र नीट वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "ते जाऊ दे, ताई. झालं ते झालं. आता दिवाळीनंतर चढेल का अजून उतरेल? तुम्हाला काय वाटतं?" मला वाटलं हा एकच असेल. तसे निम्मे निघाले. मी खोटं लिहिलं अशी कबुली देणारा कागद हातात धरून ही माणसं मला पुढचा अंदाज विचारत होती. चाकणच्या एकाने तर मी सांगीन ते टिपून घ्यायला पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवूनच विचारलं. मामाकडून दोन महिने लोकांनी माल घेतला नाही, एवढंच. संक्रांतीपर्यंत सगळे परत. पत्र लिहायला त्याने पोस्टमास्तरांना बसवलं. मामा पुढे पुष्कळ वर्षं जगला, स्वतःच्या बिछान्यात, सुना-नातवंडांत गेला, आणि व्यापाऱ्यांच्या शोकसभेत कोणीतरी त्याला द्रष्टा म्हणालं. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. लोकांनी माना डोलावल्या.

साठ दुकानांतलं एक मी शेवटी ठेवलं होतं. भीतीने. तळेगावला स्टेशनवरून चाचांच्या दुकानापर्यंत चालत जायला दहा मिनिटं लागतात, मला त्या दिवशी तासभर लागला. दुकानाची अर्धी फळी उघडी होती. आत जमिनीवर चादर पसरून चाचा आणि त्यांची बायको बदाम निवडत बसले होते. चांगला एका बाजूला, जाळी लागलेला दुसरीकडे, कुरतडलेला तिसरीकडे. किरकोळ विकून दिवाळीत जेवढा सुटेल तेवढा सोडवायचा. हवेत खवट तेलाचा वास होता. मी पत्र पुढे केलं.

चाचांनी ते घेतलं नाही. "तुझ्या हातचं काही वाचायचं नाही मला," ते म्हणाले.

मी हात तसाच धरून उभी राहिले. चाची माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या होत्या. मग चाचांनी एक रिकामं ताट माझ्याकडे सरकवलं.

"निवडता येतं ना? बस."

मी बसले. दुपारी चाचींनी डाळ-भात दिला, तो खाल्ला. एक गिऱ्हाईक येऊन साखर घेऊन गेलं. संध्याकाळची अजान झाली तेव्हा माझ्यापुढचं पोतं निम्मंही झालं नव्हतं. मी उठले, ओढणीवरचा भुसा झटकला.

"उद्या लवकर ये," चाचा म्हणाले. "अजून नऊ पोती आहेत."

मी रोज गेले. कुरुळीहून निघून, दोन गाड्या बदलून. बोटांची टोकं सोलली, मग चाचींनी माझ्याही बोटांना पट्ट्या लावल्या. धनत्रयोदशीच्या दुपारी शेवटचं पोतं रिकामं झालं. चाचांनी ते उलटं करून झटकलं, घडी घातली, बाकीच्या रिकाम्या पोत्यांवर ठेवलं आणि म्हणाले, "झालं. आता घरी जा."

आणखी काही म्हणतील म्हणून मी फळीपाशी थांबले. त्यांनी पोत्यांची चवड उचलली आणि आत निघून गेले.